घरी क्राफ्ट बिअरची चव-बैठक: सहा माणसे आणि पाच बिअर पुरेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शनिवारी संध्याकाळी आठ मित्र घरी येणार आहेत, आपण बारा प्रकारच्या क्राफ्ट बिअर जमवल्या आहेत, आणि त्या कोणत्या क्रमाने, कोणत्या ग्लासात आणि कशाबरोबर द्याव्यात हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींमध्ये बारा वर्षे बिअर तयार करण्याचे काम केल्यावर आणि जवळजवळ तितकीच वर्षे घरी अशा बैठका घेतल्यावर माझे पहिले उत्तर असे आहे, की बारांपैकी सात बिअर फ्रिजमध्येच राहू द्याव्यात आणि आठांपैकी दोघांना पुढच्या खेपेस बोलवावे. सहा माणसे, पाच बिअर आणि प्रत्येकीचे माणशी १०० मिलिलिटर, एवढाच बेत ठेवावा.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या बैठकीत अकरा बिअर होत्या आणि प्रत्येकाला मत लिहिण्यासाठी कागद दिला होता. दुसऱ्या दिवशी ते कागद वाचताना लक्षात आले, की पहिल्या बिअरविषयी प्रत्येकाने चार-चार ओळी लिहिल्या होत्या, पाचव्या बिअरपुढे सगळ्यांनी ‘छान’ एवढाच शब्द लिहिला होता, आणि नवव्या बिअरपुढे एकाने आपल्या सोसायटीच्या बंद लिफ्टविषयीचा संताप नोंदवून ठेवला होता. त्या रात्री बिअर भरपूर प्यायली गेली, परंतु तिची चव कोणी घेतली असे म्हणता येणार नाही.

सहा या आकड्यामागे साधा हिशेब आहे. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची मोठी बाटली सहा जणांना १०० मिलिलिटरप्रमाणे पुरते आणि तळाला थोडा गाळ असेल तर तो बाटलीतच राहतो. ३३० च्या दोन बाटल्यांचेही तेच होते. ५०० चा कॅन असेल तर माणशी ८० मिलिलिटर येते आणि तेवढ्याने काही अडत नाही. पाच बिअर म्हणजे माणशी अर्धा लिटर. पाच टक्के मद्यार्क धरला तर त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते, आणि ते अडीच तासांत जेवणासह पोटात गेले तर शेवटच्या ग्लासापर्यंत माणसे शुद्धीवर आणि बोलक्या मनःस्थितीत राहतात. बाटलीवरचा आकडा मात्र वाचून घ्यावा, कारण भारतात पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यावरची आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग धरली जाते. आठ टक्क्यांची बिअर असेल तर १०० च्या ऐवजी ६० मिलिलिटर ओतावे.

आता निवडीविषयी. पाच बिअर पाच दिशांच्या घेतल्या तर प्रत्येकीविषयी ‘ही वेगळी आहे’ यापलीकडे बोलणे जात नाही. म्हणून पाचांपैकी किमान दोन अशा असाव्यात, की त्या एकमेकींच्या चुलत बहिणी वाटतील. माझी आवडती जोडी गव्हाच्या दोन बिअरची आहे: एक बेल्जियन पद्धतीची विटबिअर आणि दुसरी जर्मन पद्धतीची हेफेवाइझन. दोन्ही गढूळ, फिकट आणि फेसाळ असतात. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल प्रत्यक्ष घातलेली असते. ही पद्धत बेल्जियममधल्या हूगार्डन गावात १९५० च्या दशकात बंद पडली होती आणि पुढच्या दशकात पिएर सेलिस यांनी ती पुन्हा सुरू केली. हेफेवाइझनला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, परंतु तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. बव्हेरियात १५१६ सालापासून बिअरमध्ये काय घालावे यावर कायद्याचे बंधन आहे आणि मसाल्याला त्यात जागा नाही, तरीही हे दोन्ही वास तिथे यीस्ट तयार करते. केळ्याचा वास ज्या आयसोअॅमिल अॅसिटेटमुळे येतो तेच द्रव्य खऱ्या केळ्यातही असते. एकीत मसाला घातलेला आहे आणि दुसरीत तो आंबण्यातून आपसूक उतरला आहे, हे न सांगता दोन्ही ग्लास समोर ठेवावेत आणि कोणती कोणती हे मित्रांनाच ओळखू द्यावे. ज्यांच्या घरी रोज धणेपूड लागते त्या मंडळींना विटबिअर ओळखायला फार वेळ लागत नाही.

तिसरी बिअर आंबट असावी. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून केलेली एल (थोड्या उबदार तापमानात आंबवलेली बिअर) या कामासाठी उत्तम, कारण बिअर कडूच असते असे मानणारा मित्र पहिल्या घोटालाच सोलकढीची आठवण काढतो आणि तिथून गप्पा रुळावर येतात. चौथी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही हॉप्स या वेलीच्या फुलांनी कडू केलेली बिअर, आणि पाचवी स्टाउट, म्हणजे भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळी बिअर. आयपीएच्या नावात इंडिया आहे ते विनाकारण नव्हे: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसन यांची फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येत असे. मात्र बैठकीत कोणी हमखास सांगतो, की लांबच्या प्रवासात फक्त हीच कडू बिअर टिकत असे म्हणून तिचा शोध लावला गेला. ही गोष्ट ऐकायला छान असली तरी त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही येत होती आणि गोरे शिपाई मुख्यतः तीच पीत होते.

क्रम लावताना रंगाकडे पाहू नये. काळी म्हणजे जड, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. परंतु गिनेस ड्राफ्ट ही काळीभोर स्टाउट ४.२ टक्क्यांची आहे आणि दुकानातली सोनेरी स्ट्राँग लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची बिअर, तिच्या जवळजवळ दुप्पट तीव्र असू शकते. जी बिअर जिभेवर जास्त वेळ रेंगाळते ती नंतर द्यावी. कडूपणा आणि भाजक्या माल्टची चव रेंगाळते, म्हणून आधी गव्हाच्या दोन्ही बिअर, मग कोकमाची, मग आयपीए आणि शेवटी स्टाउट. स्टाउट गोडसर आणि हलकी असेल तर ती आयपीएच्या आधी घेतली तरी चालते. मी स्वतः पुष्कळदा तसेच करतो.

खरेदी करताना नावाआधी तारीख वाचावी. आयपीएचा वास हॉप्सच्या फुलांमधून येतो आणि तोच सर्वांत आधी उडतो; तीन महिन्यांहून जुनी आयपीए मी बैठकीसाठी घेत नाही, मग तिचे लेबल कितीही देखणे असो. काचेच्या दाराशी उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये, फ्रिजमधली मागावी. ब्रुअरीतून ताजी बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून आणणार असाल तर ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी. कायद्याचेही भान ठेवावे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्य विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो आणि तो दुकानात एका दिवसापुरताही मिळतो. बोलावलेले सगळे पंचविशी ओलांडलेले असले की वयाचा प्रश्न उरत नाही. माणशी शुल्क लावून बिअर पाजणे ही विक्री ठरते, म्हणून ते टाळावे. गोव्याहून परतताना डिकीत खोके टाकून आणण्याचा मोहही आवरावा, कारण परवान्याशिवाय ते राज्याच्या हद्दीत आणता येत नाही. गोव्यात तयार होणाऱ्या काही क्राफ्ट बिअर इथल्या दुकानांतही मिळतात.

ग्लासांविषयी लोक फार चिंता करतात आणि चुकीची करतात. प्रत्येक बिअरसाठी निराळ्या आकाराच्या ग्लासाची गरज नाही. वाइनचे साधे ग्लास, ज्यांचे तोंड पोटापेक्षा अरुंद असते, ते सगळ्यांना चालतात, कारण वास त्यांत कोंडून राहतो. खरी गरज आहे ती स्वच्छतेची. भांडी घासण्याच्या साबणाचा पातळसा थर किंवा ताक-दुधाचा ओशटपणा ग्लासात राहिला असेल तर फेस क्षणात बसतो आणि बिअर शिळी असल्याचा ठपका उगाच बिअरवर येतो. एकदा माझ्याच घरी सहांपैकी दोघांच्या ग्लासात फेस टिकेना आणि मी बाटलीवर शंका घेत राहिलो. शेवटी कळले, की ते दोन ग्लास दुपारी लिंबाच्या वासाच्या वडीने घाईत धुतले गेले होते आणि धुणारा मीच होतो. तेव्हापासून मी ग्लास खायच्या सोड्याने धुतो, भरपूर पाण्याने खळबळतो आणि फडक्याने न पुसता पालथे घालून वाळवतो. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर तो ग्लास पुन्हा धुवावा. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून पांढरे करण्याची हौस मात्र सोडून द्यावी, कारण तो बर्फ बिअरमध्ये विरघळतो आणि गारठ्याने जीभ व नाक दोन्ही बधिर होतात.

तापमानाचे गणित आपल्या हवेत थोडे निराळे आहे. गव्हाच्या बिअर ५ ते ८ अंश, आयपीए ७ ते १० अंश आणि स्टाउट १० ते १३ अंश सेल्सिअसला चांगली लागते, आणि घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणून स्टाउटची बाटली वीस-पंचवीस मिनिटे आधी बाहेर काढावी. मे महिन्यात दहा मिनिटेही पुरतात. उलट १०० मिलिलिटर बिअर उन्हाळ्यात पाहता पाहता कोमट होते, त्यामुळे पाचही ग्लास एकदम ओतून सजवून ठेवू नयेत. ओतताना थोडी उंचीवरून, ग्लासाच्या मध्यभागी ओतावी, म्हणजे दोन बोटे फेस येईल. वास त्या फेसातूनच वर येतो. हेफेवाइझनचा शेवटचा भाग ओतण्यापूर्वी बाटली हलकेच फिरवून तळाचे यीस्ट उठवून घ्यावे आणि ते सगळ्यांच्या ग्लासात थोडे थोडे वाटावे, नाहीतर पहिल्याला एक बिअर आणि सहाव्याला दुसरीच मिळते.

आता प्रत्यक्ष चव घेण्याविषयी. बिअरचे परीक्षक ज्या गुणपत्रिका वापरतात त्यांपैकी बीजेसीपी या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेची पत्रिका ५० गुणांची आहे: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला अवघे तीन गुण आहेत, हे फोटो काढण्यात पाच मिनिटे घालवणाऱ्या मित्राला प्रेमाने सांगावे. घरी गुण देण्याची गरज नाही, परंतु क्रम तोच ठेवावा: आधी हुंगणे, मग घोट, मग गिळल्यावर काय उरते ते पाहणे. वाइनसारखी बिअर थुंकण्याची पद्धत नाही, कारण तिचा कडूपणा गिळल्यानंतरच पुरता कळतो. मात्र नको असलेली बिअर ओतून टाकण्यासाठी मध्ये एक पातेले ठेवावे आणि यजमानाने त्यात पहिल्यांदा स्वतः ओतून दाखवावे, म्हणजे इतरांचा संकोच जातो. पहिली दोन मिनिटे कोणी बोलू नये, हा एकच नियम मी कडकपणे पाळतो. एकाने ‘आंब्याचा वास येतो’ म्हटले, की उरलेल्या पाचांना आंबाच येऊ लागतो.

शब्दांची अडचण येते ती परकी शब्दसूची समोर ठेवल्यामुळे. ग्रेपफ्रूट आणि पाइनच्या जंगलाचा वास कसा असतो हे आपल्यापैकी अनेकांना पुस्तकातूनच ठाऊक असते. पपनस, मोसंबीची साल, ओल्या मातीतला वाळा, करपलेला गूळ, भाजलेले शेंगदाणे हे वास मात्र डोळे मिटूनही ओळखता येतात. एका बैठकीत एका मित्राच्या आई, ज्या बिअर पीत नाहीत, ताटल्या उचलायला आल्या होत्या. त्यांनी सहज एक ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “याला कणसं उकडल्याचा वास येतोय.” आम्ही पाच जण त्या लागरभोवती दहा मिनिटे घुटमळत होतो आणि नेमका दोष आम्हाला सापडत नव्हता. तो डायमिथाइल सल्फाइडचा वास होता. माल्टचा अर्क पुरेसा जोरात उकळला नाही किंवा उकळल्यावर लवकर गार केला नाही, की तो उरतो. त्याचप्रमाणे लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास आला तर डायअॅसिटिल, कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा आला तर आंबण्याची क्रिया अर्धवट राहिली असावी, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर बिअर जुनी झाली आहे, एवढ्या चार खुणा पहिल्या बैठकीला पुरतात.

पाचवी खूण मुद्दाम तयार करता येते आणि ती मी प्रत्येक बैठकीत करून दाखवतो. मंडळी पाच वाजता येणार असतील तर साडेचारला कोणत्याही साध्या लागरचे दोन ग्लास भरावेत. एक गॅलरीत थेट उन्हात ठेवावा आणि दुसरा कपाटात, अंधारात. वीस मिनिटांनी दोन्ही आत आणून पुन्हा गार करावेत आणि कोणता कोणता हे न सांगता फिरवावेत. उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबराकडे झुकणारा उग्र वास येतो. इंग्रजीत या दोषाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचे नाव दिले आहे, पण तो आपल्याकडे सापडत नाही, त्यामुळे ते नाव सांगून कोणाला काही कळत नाही. हा ग्लास हुंगला की मात्र लगेच कळते. हॉप्समधले कडू घटक प्रकाशाने फुटतात आणि त्यांतून गंधकाचे एक तीव्र संयुग तयार होते, म्हणून बिअरची बाटली तपकिरी असते आणि हिरव्या बाटलीतली बिअर लवकर बिघडते. अलीकडे काही कंपन्या हॉप्सचा असा प्रक्रिया केलेला अर्क वापरतात ज्यावर उन्हाचा परिणाम होत नाही. फरक अजिबात जाणवला नाही तर बहुधा आपल्या हाती तीच लागर आली आहे.

बैठकीचा सर्वांत रंगतदार भाग मी मध्यावर, कोकमाच्या बिअरनंतर थोडा विसावा घेऊन, ठेवतो. तो म्हणजे त्रिकोणी चाचणी. प्रत्येकापुढे तीन पेले ठेवायचे. त्यांपैकी दोहोंत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळी कोणती ते ओळखायचे. यासाठी दोन कंपन्यांच्या साध्या लागर घ्याव्यात, विशेषतः ज्यांच्याविषयी मित्रांची भांडणे होतात अशा. काचेचे ग्लास नकोत, घरातले स्टीलचे पेले काढावेत, म्हणजे रंगावरून ओळख पटत नाही. प्रत्येक पेल्यात ३० मिलिलिटर पुरते, आणि ही चाचणी करायची असेल तर पाचांपैकी एक बिअर कमी करावी. सहा माणसे असण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब आणि अबब असे पेले मांडण्याचे बरोबर सहा प्रकार आहेत, म्हणून प्रत्येकाला निराळी मांडणी मिळते आणि शेजाऱ्याची नक्कल करून काही साधत नाही. पेले मांडणाऱ्याने आत स्वयंपाकघरात मांडून बाहेर दुसऱ्याच्या हाती द्यावेत, कारण मांडणाऱ्याचा चेहरा बोलतो. निव्वळ अंदाजानेही सरासरी सहांपैकी दोघे बरोबर येतात, म्हणून तिघे बरोबर आले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. पाच किंवा सहा जण बरोबर आले तरच फरक खरा मानावा, कारण नुसत्या नशिबाने तसे होण्याची शक्यता शेकडा दोनहूनही कमी असते. माझ्या घरी आजवर बहुतेक वेळा दोन किंवा तीनच जण बरोबर आले आहेत, आणि ज्याने पैज लावली तो त्यांत क्वचितच होता.

खाण्याचे दोन भाग करावेत. चव घेताना फक्त साधा पाव, बिनमिठाचे चुरमुरे आणि पाणी असावे. चकली, तळलेले पापड, मसाल्याचे शेंगदाणे डब्यातच राहू द्यावेत, कारण ओठांचे तेल ग्लासात उतरते आणि फेस मारते. पाचही बिअर झाल्यावर जेवण आणि त्याबरोबर ज्याला जी आवडली तिचा उरलेला घोट. तिखटाबरोबर कडू आयपीए देणे ही पंचाईत आहे: कडूपणा आणि मिरचीची आग एकमेकींना चढवतात, आणि ठेच्याबरोबर आयपीए घेणाऱ्या माणसाचे कान लाल होताना मी पाहिले आहेत. तिखट सुक्या मटणाबरोबर किंवा गोव्याच्या चोरिसो-पावाबरोबर गव्हाची बिअर बरी. कोथिंबीर वडीबरोबर विटबिअर जुळते, कारण दोन्हीकडे धण्याचेच घराणे आहे. कुरकुरीत तळलेल्या बोंबलाबरोबर कोकमाची बिअर द्यावी, आणि शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर स्टाउट घेऊन पाहावी. या शेवटच्या जोडीवर माझ्या घरी अजून कोणाचे दुमत झालेले नाही. एखादा मित्र शुद्ध शाकाहारी असेल तर काही पारंपरिक इंग्रजी एल गाळण्यासाठी माशाच्या अवयवापासून केलेला पदार्थ वापरतात हे त्याला आधी सांगावे, आणि दूध पचत नसलेल्याला मिल्क स्टाउट देऊ नये, कारण तिच्यात दुधाची साखर असते.

घरी परत जाण्याची सोय आमंत्रण देतानाच ठरवावी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे, आणि वर सांगितलेल्या बेताच्या अर्ध्या लिटरनेही हलक्या अंगाचा माणूस ती मर्यादा ओलांडू शकतो. ज्याला गाडी चालवायचीच आहे त्याच्यासाठी बिनअल्कोहोलची बिअर आणावी आणि ती इतरांनाही न सांगता एकदा फिरवावी. ती कितीजणांना ओळखता येते हेही पाहण्यासारखे असते.

राहिला प्रश्न आपल्या फ्रिजमधल्या सात बिअरचा. त्यांतल्या आयपीए आणि पेल एल महिन्याभरात संपवाव्यात, गव्हाच्या त्यानंतर लगेच, आणि सात-आठ टक्क्यांची एखादी स्टाउट असेल तर ती चार-सहा महिने खुशाल राहू द्यावी. बाटल्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या नकोत, आणि फ्रिजच्या दारात तर मुळीच नकोत, कारण तिथे त्या दिवसातून वीसदा हलतात. ज्या दोघांना या शनिवारी बोलावले नाही त्यांना महिन्याभराच्या आतली तारीख आताच कळवून टाकावी आणि त्या बैठकीसाठी आयपीए बाजूला काढून ठेवाव्यात.